चमकलं म्हणजे मोजलं असं नाही: जिवंत पेशींतली रसायनं दाखवणारे प्रोब कसे घडवतात

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, पेग्युलिसायनिन नावाच्या द्रव्याला मान्यता दिली. लुमिसाइट हे त्याचं बाजारातलं नाव. स्तनातली कर्करोगाची गाठ काढण्याच्या दोन ते सहा तास आधी ते शिरेतून देतात, दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम. गाठ निघाली की उरलेल्या पोकळीत एक छोटा हातातला कॅमेरा फिरवतात आणि जिथे चमक दिसेल तिथला आणखी एक थर काढतात.

‘कर्करोग उजळवणारं औषध’ असं त्याचं वर्णन करायचा मोह होतो. पण या रेणूला कर्करोग ओळखता येत नाही. त्याला ओळखता येतात ती फक्त प्रथिनं कापणारी काही एन्झाइम, मुख्यतः कॅथेप्सिन. गाठीतल्या आणि तिच्या आसपासच्या पेशींमध्ये ती जास्त प्रमाणात असतात, म्हणून तिथे चमक जास्त. ‘रसायन दिसलं’ आणि ‘आजार दिसला’ यांत हे जे अंतर आहे, ते समजलं की हे सगळं क्षेत्र समजायला लागतं.

एका रेणूची दोन कामं

शरीरातलं एखादं रसायन भेटल्यावर स्वतःत असा बदल करणारा रेणू, की जो बाहेरून उपकरणाने टिपता येईल, त्याला प्रतिसादी प्रोब म्हणतात. शाळेतला लिटमस हा त्याचा सर्वांत साधा अवतार. लिटमसला आम्ल कळतं आणि तो रंग बदलतो. म्हणजे ओळखणं आणि सांगणं, दोन्ही कामं तोच करतो.

आजच्या प्रोबमध्ये ही दोन कामं बहुधा वेगवेगळ्या भागांकडे दिलेली असतात. एक भाग रसायन पकडतो किंवा त्याच्याशी अभिक्रिया करतो. दुसरा भाग खूण दाखवतो. बऱ्याचदा ही खूण प्रतिदीप्तीची असते, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या, जास्त तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याची. खरं कौशल्य या दोन भागांना जोडण्यात आहे: पकडणाऱ्या भागात काही घडलं तरच सांगणाऱ्या भागात बदल झाला पाहिजे, एरवी नाही. पेग्युलिसायनिनमध्ये ही जोडणी अगदी सरळ आहे. एका छोट्या पेप्टाइड साखळीवर चमकणारा रंग आणि त्याची ऊर्जा शोषून घेणारा शमक एकमेकांजवळ बसवलेले असतात. साखळी तुटली की शमक दूर जातो आणि रंग चमकतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. अडचण पुढे सुरू होते. उपकरणाला दिसणारी चमक हा तीन गोष्टींचा गुणाकार असतो: त्या जागी प्रोब किती पोहोचला, त्यातल्या किती रेणूंना रसायन भेटलं, आणि निघालेल्या प्रकाशापैकी किती उपकरणापर्यंत आला. आपल्याला हवी असते फक्त मधली गोष्ट. प्रोबची रचना म्हणजे ती मधली गोष्ट बाकीच्या दोन गोष्टींपासून सोडवून घेण्याची खटपट, आणि ती प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी अडकते.

कॅल्शियम: रेणू कसा घडत गेला

या क्षेत्रातला वस्तुपाठ म्हणजे रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांचं कॅल्शियमवरचं काम. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियमची संहती, म्हणजे दर लिटरमधलं प्रमाण, साधारण १०० नॅनोमोलर असते, बाहेर १ ते २ मिलिमोलर. म्हणजे बाहेर दहा हजारपटींहून जास्त. पेशीला इशारा मिळाला की आतलं कॅल्शियम क्षणभर वाढतं आणि स्नायू आखडतो, ग्रंथी स्रवते, चेतापेशी पुढचीला निरोप देते.

कॅल्शियम पकडणारा ईजीटीए नावाचा रेणू आधीपासून माहीत होता, पण पेशीत कॅल्शियम मोजायला तो निरुपयोगी होता. त्यातले नायट्रोजन पेशीच्या सामान्य सामूला, म्हणजे सात-सव्वासातला, हायड्रोजन आयन धरून बसतात. कॅल्शियम यायच्या आधी त्यांना जागा सोडावी लागते, त्यामुळे पकड मंद होते आणि सामू किंचित हलला तरी आकडा बदलतो. त्सिएन यांनी नायट्रोजनच्या शेजारी बेंझिनची कडी आणून बसवली. नायट्रोजनची हायड्रोजन धरण्याची ओढ त्यामुळे इतकी कमी झाली की सामान्य सामूला ते मोकळे राहू लागले. हा बाप्टा, १९८० सालचा. पेशीत मॅग्नेशियम कॅल्शियमच्या हजारो पट असतं. बाप्टाची कॅल्शियमची निवड त्याच्याही वरचढ, सुमारे एक लाख पट आहे. एवढी निवड नसती तर प्रोब मॅग्नेशियमनेच भरून गेला असता.

बाप्टाची बेंझिन कडी वाढवून चमकणाऱ्या रंगाचा भाग केली की पकडणारा आणि सांगणारा भाग आपोआप जोडले जातात. त्यातून आधी क्विन-२ आणि १९८५ मध्ये फ्युरा-२ हे प्रोब आले. फ्युरा-२ क्विन-२ पेक्षा सुमारे तीस पट तेजस्वी आहे. त्याचं महत्त्व पुढे येईलच.

किती घट्ट पकडायचं?

नवखा माणूस म्हणेल, जितकं घट्ट तितकं चांगलं. तसं नाही. प्रत्येक प्रोबची एक ठरावीक संहती असते, जिला त्याचे निम्मे रेणू भरलेले असतात. तिला केडी म्हणतात. साध्या एकास-एक पकडीत दहा टक्क्यांपासून नव्वद टक्के भरण्यापर्यंत जायला संहती ८१ पट वाढावी लागते. प्रोबची उपयोगी पट्टी एवढीच. तिच्या खाली तो गप्प असतो, वर तो भरून जातो आणि पुढची वाढ त्याला कळतच नाही.

फ्युरा-२ चा केडी साधारण ०.२ मायक्रोमोलर आहे, म्हणून पेशीद्रवासाठी तो योग्य. पण पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यात, एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, संहती शेकडो मायक्रोमोलर असते. तिथे फ्युरा-२ कायम भरलेलाच राहील. तिथे मॅग-फ्युरा-२ वापरतात. तो मुळात मॅग्नेशियमसाठी बनवला होता आणि कॅल्शियमला फार सैल धरतो. एका कामासाठीचा दोष दुसऱ्या कामासाठी गुण ठरला.

घट्ट पकडीची दुसरी किंमत वेळेची. रेणू पकडण्याचा वेग विसरणाच्या, म्हणजे रेणू पाण्यात पसरत एकमेकांपर्यंत पोहोचण्याच्या, मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. तो सेकंदाला दर मोलरमागे सुमारे ५०० दशलक्ष धरला, तर ०.२ मायक्रोमोलर केडी असलेला प्रोब पकडलेला आयन दहा मिलिसेकंदांच्या आसपास सोडतो. केडी १ नॅनोमोलरवर नेला की हाच काळ दोन सेकंदांवर जातो. पन्नास मिलिसेकंदांची घटना त्याला दोन सेकंद लांब दिसेल. जस्तासाठीचे अनेक प्रोब नॅनोमोलर किंवा त्याहून घट्ट आहेत. जस्त आहे की नाही हे ते छान सांगतात, जस्त कधी ओसरलं ते सांगताना मात्र अडखळतात.

पेशीत शिरायचं कसं

बाप्टाच्या कुटुंबातल्या रेणूंवर चार किंवा पाच ऋणभारित कार्बॉक्झिलेट गट असतात. पेशीचं आवरण तेलकट, त्यामुळे असे रेणू बाहेरच राहतात. यावरचा उपाय म्हणजे हे गट ॲसिटॉक्सीमिथिल एस्टरने झाकणं. प्रयोगशाळेत याला नुसतं ‘एएम’ म्हणतात. झाकलेला रेणू आवरणातून सहज आत जातो, आतली एस्टरेज एन्झाइम झाकणं कापून टाकतात, भार उघडे पडतात आणि रेणू आत अडकतो.

प्रत्यक्षात असं करतात: एएम प्रोबचा १ मिलिमोलर साठा डीएमएसओ या पूर्ण कोरड्या द्रावकात करतात, कारण ओलाव्याने एस्टर बाटलीतच तुटतो. त्यात प्ल्युरॉनिक एफ-१२७ हा सौम्य विद्राव्यकारक मिसळतात, नाहीतर पाण्यात प्रोबचे कण साचतात आणि चित्रात ठिपके दिसतात. पेशींवर १ ते ५ मायक्रोमोलर प्रोब ३० ते ६० मिनिटं ठेवतात, मग धुऊन आणखी अर्धा तास थांबतात. हा शेवटचा अर्धा तास वाचवायचा मोह महागात पडतो. अर्धवट कापलेले रेणू कॅल्शियम ओळखत नाहीत पण चमकतात, आणि तो उजेड सगळ्या आकड्यांत मिसळतो.

इतरही गोष्टी बिघडतात. ३७ अंशांवर भरलं तर एएम रूप पेशीद्रवाऐवजी मायटोकाँड्रियात आणि इतर कप्प्यांत साचतं. खोलीच्या तापमानाला हे कमी होतं. काही पेशी प्रोबला परकं द्रव्य समजून ऋणआयन वाहकांमार्फत बाहेर फेकतात, त्यासाठी १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड घालतात. शिवाय प्रत्येक एएम गट कापला जाताना फॉर्मल्डिहाइडचा एक रेणू सुटतो. फ्युरा-२ ला असे पाच गट असतात, म्हणून भरपूर प्रोब भरणं हा सुरक्षित उपाय नाही.

चमक म्हणजे नेमकं किती?

पेशी मधोमध जाड असते, कडेला पातळ. एकाच रंगात एकाच चमकीवर विसंबलं तर मध्यभागी कॅल्शियम जास्त असल्याचा भास होईल, खरं तर तिथे नुसता प्रोब जास्त असतो. फ्युरा-२ ची खरी कमाल इथे आहे. मोकळा फ्युरा-२ हा ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने जास्त चमकतो, भरलेला ३४० नॅनोमीटरने. दोन्ही वेळा बाहेर पडणारा प्रकाश ५१० च्या आसपासच मोजतात. दोन चमकांचा भागाकार केला की प्रोबची मात्रा आणि पेशीची जाडी अंश-छेदांतून उडून जातात. मघाच्या गुणाकारातला पहिला घटक असा निघतो.

हा भागाकार संहतीत बदलायला त्याची दोन टोकं माहीत असावी लागतात. आयनोमायसिन देऊन पेशीत कॅल्शियम भरपूर सोडलं की कमाल गुणोत्तर मिळतं, ईजीटीएने कॅल्शियम काढून घेतलं की किमान. ही टोकं त्याच पेशीत, त्याच सूक्ष्मदर्शकावर मोजायची असतात. परीक्षानळीतले आकडे पेशीत चालत नाहीत, कारण पेशीतला घट्टपणा आणि प्रथिनं रंगाचं वागणं बदलतात.

मोजणाराच प्रमाण बदलतो

छोट्या कपातल्या गरम पाण्यात मोठा थंड थर्मामीटर बुडवला, तर तो पाण्याचं नव्हे, स्वतःमुळे निवलेल्या पाण्याचं तापमान दाखवेल. प्रोबचंही तसंच. पेशीत १०० मायक्रोमोलर फ्युरा-२ भरला आणि मुक्त कॅल्शियम १०० नॅनोमोलर असेल, तर ०.२ मायक्रोमोलर केडी धरून हिशेब असा येतो: मुक्त कॅल्शियममध्ये एका आयनाची भर पडण्यासाठी प्रोबकडे सुमारे २२० आयन जावे लागतात. पेशीची स्वतःची प्रथिनंही कॅल्शियम धरतात, पण अनेक पेशींमध्ये ती प्रोबपेक्षा जास्त धरत नाहीत. परिणामी कॅल्शियमची लाट बुटकी होते आणि लांबते. क्विन-२ कमी चमकत असल्यामुळे तो भरपूर भरावा लागे आणि हाच दोष ओढवे. तेजस्वी प्रोब म्हणजे नुसतं सुंदर चित्र नव्हे. तो कमी भरला तरी चालतो, म्हणून पेशीला कमी त्रास देतो.

हे घडतंय का, ते तपासायचं तर प्रोब निम्मा आणि दुप्पट भरून लाटेची उंची आणि कालावधी पाहायचा. आकडे बदलले तर प्रोब हस्तक्षेप करतोय.

एकदाच पेटणारे प्रोब

आतापर्यंतचे प्रोब रसायन पकडतात आणि सोडतात. दुसरी जात अभिक्रिया करून कायमची बदलते. असा प्रोब ‘आत्ता किती आहे’ हे सांगत नाही. ‘आतापर्यंत किती येऊन गेलं’ ते सांगतो. कमी प्रमाणातलं रसायन हळूहळू साठत जाऊन दिसतं, हा फायदा. ते कमी झालं तरी चमक कमी होत नाही, हा तोटा.

हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी बोरोनेट गट वापरतात. पेरॉक्साइड बोरॉनवर हल्ला करतं, बोरॉन निघून जातो आणि रंग उघडा पडतो. पण ही अभिक्रिया फार मंद आहे: साध्या बोरोनेटसाठी तिचा वेग सेकंदाला दर मोलरमागे १ च्या आसपास. १०० मायक्रोमोलर पेरॉक्साइडमध्येसुद्धा निम्मे रेणू बदलायला जवळपास दोन तास लागतात, आणि पेशीत पेरॉक्साइड त्याहून पुष्कळ कमी असतं. दुसरीकडे नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारं पेरॉक्सीनायट्राइट त्याच बोरोनेटशी सुमारे दहा लाख पट वेगाने अभिक्रिया करतं. त्यामुळे चमक दिसल्यावर विचारायचा प्रश्न असा: पेरॉक्साइड नष्ट करणारं कॅटॅलेज घातलं की ती नाहीशी होते का, आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारी एन्झाइम रोखली की होते का?

डीसीएफएच-डीए हा प्रोब ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’, म्हणजे पेशीत ऑक्सिजनची हानिकारक रूपं साचणं, मोजायला सर्रास वापरला जातो, आणि तो सर्रास चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी तो थेट अभिक्रिया करत नाही. त्याला लोह किंवा पेरॉक्सिडेजची मदत लागते. त्यामुळे पेशीतलं मोकळं लोह वाढलं तरी तो चमकतो. त्याचं मधलं रूप ऑक्सिजनशी गाठ पडल्यावर स्वतःच सुपरऑक्साइड हे असंच एक रूप तयार करतं. म्हणजे जे मोजायचं तेच तो जन्माला घालतो.

पेग्युलिसायनिनही एकदाच पेटणारा आहे आणि त्याच्या मर्यादा आकड्यांत दिसतात. मोठ्या चाचणीत ३५७ रुग्णांपैकी २७ जणांच्या पोकळीत नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेला कर्करोग या पद्धतीमुळे सापडून निघाला, ही मोठी गोष्ट. मात्र ऊतीच्या तुकड्यांच्या पातळीवर संवेदनशीलता ४९.३ टक्के आणि विशिष्टता ८५.२ टक्के होती. म्हणजे कर्करोग असलेल्या तुकड्यांपैकी निम्मे चमकले नाहीत, आणि काही निरोगी तुकडे चमकले. कॅथेप्सिन दाहातल्या पेशींतही असतात, हे लक्षात घेतलं तर यात आश्चर्य नाही. त्याच्या वेष्टनावर ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या ॲलर्जीचा ठळक इशाराही आहे.

प्रकाश खोल जात नाही, मग एमआरआय का नको?

हा आक्षेप योग्य आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन छोट्या तरंगलांब्या शोषतं, पाणी लांब तरंगलांब्या शोषतं. मधल्या ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ऊती त्यातल्या त्यात पारदर्शक असतात, म्हणून शस्त्रक्रियेतले रंग याच पट्ट्यातले असतात. तरीही विखुरणामुळे पेशीपातळीचं चित्र, दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकानेसुद्धा, साधारण एका मिलिमीटरच्या आतच मिळतं.

एमआरआयला खोलीची अडचण नाही. तिथे गॅडोलिनियम हा धातू वापरतात. त्याच्या बंध जोडण्याच्या नऊ जागांपैकी आठ जागा पकडणारा रेणू व्यापतो, नवव्या जागेवर पाण्याचा रेणू येतो-जातो आणि आसपासच्या पाण्याचा संकेत उजळतो. ही नववी जागा झाकली की चित्र मंद, उघडली की उजळ. २००० मध्ये थॉमस मीड यांच्या गटाने साखरेच्या झाकणाचा असा प्रोब बेडकाच्या भ्रूणात दाखवला. बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइम ते झाकण काढून टाकतं.

मग अडचण काय? मात्रा. प्रतिदीप्तीला नॅनोमोलर प्रोब पुरतो, एमआरआयला दहा-वीस मायक्रोमोलर तरी लागतो. नॅनोमोलर प्रमाणातलं रसायन त्याने मोजायला गेलं तर प्रोब त्याच्या हजारपट होतो, आणि मघाचा थर्मामीटर पुन्हा आड येतो. शिवाय प्रोबची मात्रा वाढली का प्रतिसाद वाढला, यांतलं काय घडलं हे एका चित्रावरून सांगता येत नाही. सुटं गॅडोलिनियम विषारी असतं, कारण त्याचा आयन जवळपास कॅल्शियमएवढाच असून कॅल्शियमचे मार्ग अडवतो. सैल धरणाऱ्या सरळ साखळीच्या अनेक संयुगांचा वापर युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये म्हणूनच थांबवला किंवा मर्यादित केला.

शरीरात किरणोत्सर्गी अणू सोडून केलेली पीईटी तपासणी तर फारच थोड्या मात्रेत चालते. पण किरणोत्सर्गी अणूचं विघटन तो रसायनाला भेटला का, याची वाट पाहत नाही. तिथे चालू-बंद होणारा प्रोब बनवता येत नाही. जिथे रसायन आहे तिथे अणू अडकून राहील, एवढीच सोय करता येते.

जनुकांतून बनणारे सेन्सर असताना हे कशाला?

जीसीएएमपी हा कॅल्शियमचा आणि डीलाइट हा डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा प्रथिन-सेन्सर पेशी स्वतःच बनवते, आणि मेंदूच्या संशोधनात त्यांनी मोठी मजल मारली आहे. पण त्यासाठी जनुक पेशीत घालावं लागतं. उंदरात ते करता येतं, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णात नाही. त्यांच्या गाभ्यातलं हिरवं प्रथिन सामूलाही प्रतिसाद देतं, म्हणून पकड मोडलेला पण बाकी तसाच असलेला जुळा सेन्सर शेजारी ठेवावा लागतो. तो जुळाही हलला, तर दिसलेली हालचाल डोपामिनची नाही. रासायनिक प्रोबसाठीही हाच नियम आहे, पण तिथे जुळा रेणू वेगळा बनवावा लागतो आणि ते कष्ट अनेकदा टाळले जातात.

दोन्ही वाटा एकमेकींत मिसळताही येतात. फ्रान्सिस आर्नल्ड आणि ॲलन जॅसनॉफ यांच्या गटांनी २०१० मध्ये एका जिवाणूच्या लोहयुक्त एन्झाइममध्ये फेरीमागून फेरी बदल आणि निवड करत त्याला डोपामिन धरायला लावलं. मूळ एन्झाइम मेदाम्लं पकडतं. डोपामिन आल्यावर लोहाजवळचं पाणी हटतं आणि एमआरआयचा संकेत बदलतो.

महिनोन्‌महिने शरीरात

सगळ्यांत खडतर परीक्षा त्वचेखाली बसवलेल्या प्रोबची. एव्हरसेन्स या ग्लुकोज सेन्सरमध्ये बोरोनिक आम्लाचा प्रतिदीप्त प्रोब जेलमध्ये बांधलेला असतो. तो ग्लुकोजला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. एफडीएने २०१८ मध्ये त्याला ९० दिवसांसाठी मान्यता दिली. शरीर परक्या वस्तूभोवती दाह निर्माण करतं आणि तिथल्या पेशी पेरॉक्साइड सोडतात. पेरॉक्साइड बोरॉनवर हल्ला करतं आणि ग्लुकोजची पकड जाते. ज्या अभिक्रियेवर पेरॉक्साइडचे प्रोब उभे आहेत, तीच इथे प्रोबला मारते. म्हणून सेन्सरभोवती दाह शमवणाऱ्या डेक्सामेथासोनचं कडं असतं, आणि पुढच्या आवृत्तीत पेरॉक्साइडने आधी खाऊन टाकावं असं जादा बोरोनिक आम्ल घातलं. २०२२ मध्ये मुदत १८० दिवसांवर गेली, २०२४ मध्ये वर्षावर. बोटातल्या रक्ताशी ताळा अजूनही अधूनमधून करावा लागतो, आणि मॅनिटॉल शिरेतून दिलं असेल किंवा टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक चालू असेल तर आकड्यावर विसंबू नये असं सूचनापत्रकच सांगतं. मॅनिटॉललाही ग्लुकोजसारखे शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असतात, आणि बोरॉनला तेवढंच दिसतं.